प्रिन्सेनग्राख्ट २६३ ची खबर कोणी दिली? दाव्यांच्या छाननीच्या नोंदी

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५ (५ तास)

काम एवढंच: ॲमस्टरडॅमच्या प्रिन्सेनग्राख्ट २६३ या इमारतीच्या मागच्या भागात लपलेल्या आठ ज्यूंची (डायरी लिहिणारी ॲन फ्रँक त्यांपैकीच) खबर कोणी दिली, याबद्दल १९४५ पासून झालेले दावे एका तक्त्यात आणायचे आणि प्रत्येक दावा कुठल्या कागदावर उभा आहे ते बघायचं. गुन्हेगार पकडणं हा हेतू नाही.

आधी वाद नसलेल्या ओळी भरल्या. फ्रँक कुटुंब ६ जुलै १९४२ ला आत गेलं. धाड शुक्रवारी, ४ ऑगस्ट १९४४ ला, सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान पडली. धाडीचा प्रमुख एसएस या नाझी संघटनेचा कार्ल झिल्बरबाउअर, मूळचा व्हिएन्नाचा. बरोबरच्या डच पोलिसांपैकी दोघांची नावं ठरलेली आहेत: ख्रिंगहाउस आणि ख्रोटेन्डोर्स्ट. आठही जण पकडले गेले, शिवाय मदतनीसांपैकी कुग्लर आणि क्लाइमन. ८ ऑगस्टला वेस्टरबोर्कची तात्पुरती छावणी, ३ सप्टेंबरला ऑशविट्झची गाडी. परत आले ते एकटे ॲनचे वडील ओटो फ्रँक.

पहिल्याच दिवशी एक घोडचूक. पहिल्या रकान्याचं नाव ठेवलं ‘फितूर कोण’. परिणाम असा की प्रत्येक ओळीत कुणाचं तरी नाव घालावंच लागतं. इमारत फेब्रुवारी १९४३ मध्ये विकली गेली, नवा मालक वास्तुविशारदाला घेऊन घर बघायला आला आणि क्लाइमनने किल्ली विसरल्याची बतावणी करून मागचा भाग टाळला. ही नोंद महत्त्वाची आहे, पण तिथे ‘फितूर’ म्हणून कोणाला लिहिणार? रकाना बदलला: ‘कोणाला, काय, कधीपासून माहीत होतं’. भरलेल्या सगळ्या ओळी पुन्हा लिहाव्या लागल्या.

रविवार, ९ फेब्रुवारी (३ तास, त्यातले २ वाया)

धाडीची ओळ तक्त्यात सापडेना. ती एप्रिल १९४४ मध्ये जाऊन बसली होती. ४-८-१९४४ असं टाइप केलं की अमेरिकी सेटिंग असलेलं एक्सेल ती तारीख ८ एप्रिल वाचतं. गंमत म्हणजे ९ एप्रिलच्या रात्री त्याच इमारतीत घरफोडी झाली होती, त्यामुळे चुकीची ओळ बरोबर घरफोडीच्या शेजारी बसली आणि काही वेळ खटकलीही नाही. उपाय: तारखेचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठेवा आणि १९४४-०८-०४ असं वर्ष आधी लिहा. क्रमवारीही आपोआप नीट लागते.

वेळांबद्दल: युद्धाआधी डच घड्याळ ग्रीनविचच्या २० मिनिटं पुढे असायचं. मे १९४० पासून जर्मन वेळ लागू झाली. १९४४ च्या कागदांतल्या वेळा तशाच उतरवून घ्या, त्यात बेरीज-वजाबाकी करू नका.

शनिवार, १५ फेब्रुवारी (६ तास)

डच शब्द. मशीनच्या भाषांतराने ‘ओन्डरडाउकर’ या शब्दाचं ‘पाणबुड्या’ केलं. शब्दशः ‘खाली बुडी मारणारा’ खराच, पण युद्धकाळात त्याचा अर्थ लपून राहिलेला माणूस. आपल्याकडचा ‘भूमिगत’ जवळचा वाटतो, पण त्याला बेचाळीसच्या चळवळीचा वास आहे. लपणारे आणि प्रतिकार करणारे हे दोन वेगळे गट, म्हणून तक्त्यात ‘लपलेले’ हाच शब्द ठेवला.

‘प्रोसेस-व्हर्बाल’ला आधी ‘पंचनामा’ म्हटलं होतं. ते खोडलं. त्यात पंच नसतात. पोलिसाने शपथेवर लिहिलेला अहवाल असतो आणि त्याच्या पोटात साक्षीदारांचे जबाब. जबाब देणारा एक आणि लिहिणारा दुसरा, हे विसरलं की पोलिसाचं वाक्य साक्षीदाराच्या तोंडी जातं.

नावांचा क्रम: नेदरलँडमध्ये ‘व्हान मारेन’ हे ‘म’ खाली लागतं, ‘व्ह’ खाली नाही. व्हान डेन बर्ग ‘ब’ खाली. तक्त्यात उपपदासाठी वेगळा रकाना करा. पत्त्यात आकड्यापुढे ‘एचएस’ असेल तर तळमजला, रोमन आकडा असेल तर त्या क्रमांकाचा मजला. रस्त्यांची नावं युद्धानंतर बदलली. जर्मन सुरक्षा पोलिसांचं मुख्यालय जिथे होतं तो ऑयटर्पेस्ट्राट आज गेरिट व्हान डर वेनच्या नावाने आहे. हा शिल्पकार प्रतिकार चळवळीत होता आणि १९४४ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. आजच्या नकाशात जुनं नाव शोधत बसू नका.

रविवार, २३ फेब्रुवारी (७ तास)

आजची दुरुस्ती सगळ्या तक्त्याला पुरली. प्रत्येक ओळीला दोन तारखा दिल्या: गोष्ट घडली ती तारीख, आणि ती सांगितली किंवा लिहिली गेली ती तारीख. दोन्हींतलं अंतर तिसऱ्या रकान्यात.

कारण ठरली डायरीच. इमारतीतल्या कंपनीच्या गोदामाचा माणूस विलेम व्हान मारेन याच्यावरच्या संशयाची नोंद १६ सप्टेंबर १९४३ ची. ती ‘त्याच दिवशीचा पुरावा’ म्हणून भरली होती. चूक. ॲनने मे १९४४ पासून आपल्या वह्या सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतल्या. मूळ वह्यांपैकी डिसेंबर १९४२ ते डिसेंबर १९४३ या काळातली एकही मिळालेली नाही. त्या वर्षाचं जे काही आपण वाचतो ते १९४४ मधलं पुनर्लेखन आहे. तारीख १९४३ ची, शाई १९४४ ची. संशय खोटा ठरत नाही, पण सप्टेंबर १९४३ मध्ये तो नेमक्या याच शब्दांत होता असं म्हणता येत नाही. किल्लीची बतावणीसुद्धा याच रिकाम्या वर्षातली आहे, म्हणजे पहिल्या दिवशी भरलेली ती ओळही पुन्हा दुरुस्त.

उलट घरफोडीची ११ एप्रिल १९४४ ची आणि भाजीवाल्याच्या अटकेची २५ मे १९४४ ची नोंद मूळ वहीत आहे. त्यांच्यापुढे ‘ताजी’ असा शेरा मारला.

हे काम नेहमीच्या छापील आवृत्तीवरून होत नाही. तिन्ही पाठ शेजारी छापलेली संशोधित आवृत्तीच लागते. तीत अ म्हणजे मूळ वही, ब म्हणजे ॲनचं पुनर्लेखन, क म्हणजे ओटो फ्रँकनी तयार केलेला पाठ. आधी साध्या आवृत्तीवरून सगळी यादी केली होती. ते ११ तास गेले.

शनिवार, १ मार्च (४ तास)

टेलिफोन. ‘कोणीतरी फोन केला’ हे वाक्य जिथे तिथे येतं. त्याचा उगम एकच: झिल्बरबाउअर. फरार नाझींचा शोध घेणाऱ्या सायमन वीझेन्टालने त्याचा माग १९६३ मध्ये लावला तेव्हा तो व्हिएन्ना पोलिसात नोकरीला होता. त्याचा जबाब असा की वरिष्ठ अधिकारी युलियस डेटमन याला फोन आला आणि त्याने आपल्याला पाठवलं. डेटमनने जुलै १९४५ मध्ये कैदेत असताना आत्महत्या केली. त्याला हा प्रश्न कोणी विचारल्याचा कागद नाही.

तक्त्यात साखळी अशी दिसते: फोन करणारा (अज्ञात), डेटमन (मृत, जबाब नाही), झिल्बरबाउअर (ऐकीव, १९ वर्षांनी). म्हणजे ज्याच्यावर सगळे उभे आहेत तो दुवा एका आरोपीच्या आठवणीचा आहे, आणि ‘वरून आदेश आला’ असं सांगण्यात त्याचा फायदा होता. ओळ काढून टाकली नाही. वजनाच्या रकान्यात ‘हलकी’ लिहिलं.

जोडीला आणखी दोन ओळी. १९४४ च्या उन्हाळ्यात खाजगी टेलिफोन बरेचसे तोडलेले होते, त्यामुळे फोन आलाच असेल तर तो कचेरीतून, दुकानातून किंवा दुसऱ्या सरकारी खात्यातून येण्याची शक्यता जास्त. आणि आठ माणसं न्यायला मोठी गाडी नंतर मागवावी लागली. आत किती जण आहेत हे धाड घालणाऱ्यांना नेमकं माहीत नव्हतं असं यावरून दिसतं. नेमक्या खबरीच्या दाव्यांनी या गाडीचं काहीतरी करायला हवं. बहुतेक दावे तिच्याकडे बघतच नाहीत.

शनिवार, ८ मार्च (६ तास)

व्हान मारेन. त्याची चौकशी दोनदा झाली, १९४८ मध्ये आणि १९६३-६४ मध्ये. दोन्ही वेळा पुरावा पुरला नाही.

त्याच्याविरुद्धच्या गोष्टी वाचताना हात आपोआप वेगाने चालतो. टेबलाच्या कडेला पेन्सिल ठेवायचा, म्हणजे कोणी गेलं तर पडेल. जमिनीवर बटाट्याचं पीठ भुरभुरवायचा, म्हणजे पावलं उमटतील. गोदामातला सहकारी लामर्ट हार्टोग याने १९४८ मध्ये सांगितलं की धाडीच्या साधारण पंधरवडाभर आधी व्हान मारेनने त्याच्याकडे इमारतीत ज्यू लपल्याची गोष्ट काढली होती.

आता दुसरा रकाना. गोदामातून माल चोरीला जात होता, आणि पेन्सिल-पिठाचे सापळे चोरासाठी लावले असं त्याचं म्हणणं. चोरीचा ठपका पुढे त्याच्यावरच आला, पण चोर म्हणजे खबऱ्या नव्हे. आणि हार्टोगचा जबाब खरा धरला तर धाडीच्या आधी निदान दोन गोदामकामगार आणि ते घरी ज्यांच्याशी बोलले ते सगळे ‘माहीत होतं’ या रकान्यात येतात. याच फटीतून १९९८ मध्ये हार्टोगच्या बायकोचं, लेनाचं, नाव पुढे आलं. २००२ मध्ये टोनी आलर्स या डच नाझीचं आलं. डच युद्धदस्तऐवज संस्था निओडने २००३ मध्ये हे तिन्ही दावे तपासले आणि एकही टिकत नाही असा निष्कर्ष दिला.

‘कोणाला माहीत होतं’ ही यादी आज मोजली. अधिकृत मदतनीस सहा: मीप गीस, यान गीस, कुग्लर, क्लाइमन, बेप फोस्कॉइल आणि तिचे वडील योहान, ज्यांनी मागच्या भागाचं दार झाकणारं फिरतं पुस्तकांचं कपाट बनवलं. अंदाज आलेले याहून किती तरी जास्त. भाजीवाला व्हान हूव्हे याने घरफोडीनंतर दारातलं भोक बघितलं आणि पोलिसांना कळवायचं नाही असं स्वतःच ठरवलं. त्याच रात्री रखवालदार आणि पोलीस आत येऊन कपाट खडखडवून गेले होते.  गुपित दोन वर्षं टिकलं ते कोणाला माहीत नव्हतं म्हणून नव्हे, माहीत असलेले गप्प बसले म्हणून. संशयितांची यादी करताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर ‘माहीत होतं’ हाच गुन्हा होऊन बसतो. व्हान हूव्हेचं नाव आपल्याकडेही एक दिवस संशयितांत होतं. त्याला मे १९४४ मध्ये स्वतःच्या घरी दोन ज्यूंना लपवल्याबद्दल अटक झाली होती.

रविवार, १६ मार्च (९ तास, सगळे वाया)

बक्षिसाच्या पावत्या. पकडून दिलेल्या प्रत्येक ज्यूमागे साडेसात गिल्डर मिळत, पुढे हा दर वाढला. पैसे दिल्याची पावती होत असे. म्हणून वाटलं, ऑगस्ट १९४४ ची पावती मिळाली की संपलं.

मिळत नाही, आणि कारण साधं आहे. हे पैसे घेणारी सर्वांत कुप्रसिद्ध टोळी हेनाइकेची. तिने १९४३ च्या मार्चपासून सुमारे सात महिन्यांत आठ ते नऊ हजार लोकांना पकडलं आणि ती त्याच शरद ऋतूत मोडली. या टोळीचे कागद १९४३ चे आहेत. दहा महिन्यांनंतरच्या धाडीचं उत्तर त्यांत शोधणं म्हणजे गेल्या वर्षीच्या खतावणीत यंदाची उधारी शोधणं. कागद उघडण्याआधी ते कोणत्या महिन्यांचे आहेत एवढं बघितलं असतं तर रविवार वाचला असता.

अन्स व्हान डाइकची ओळही आजच भरली. स्वतः ज्यू, अटकेनंतर खबरी झाली, शंभराहून जास्त लोकांना पकडून दिलं, जानेवारी १९४८ मध्ये मृत्युदंड, फाशी देऊन नव्हे तर गोळ्या घालून. तिने इतरांना पकडून दिलं हे सिद्ध आहे. पण या पत्त्याशी जोडणारा कागद नाही. सिद्ध गुन्हेगाराच्या खात्यावर आणखी एक गुन्हा टाकणं फार सोपं असतं.

शनिवार, २२ मार्च आणि रविवार, २३ मार्च (मिळून १४ तास)

निनावी चिठ्ठी. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो द्यायलाच हवा होता.

सेवानिवृत्त एफबीआय अधिकारी विन्स पॅन्कोक आणि त्याच्या चमूने २०१६ पासून काम करून १७ जानेवारी २०२२ ला नोटरी आर्नोल्ड व्हान डेन बर्गचं नाव जाहीर केलं. व्हान डेन बर्ग हा ज्यू परिषदेचा (जर्मनांनी ज्यूंवर अंमल चालवण्यासाठी नेमलेल्या संस्थेचा) सदस्य होता आणि १९५० मध्ये वारला. खात्री ८५ टक्क्यांहून जास्त, असं सांगितलं गेलं. मुख्य आधार: युद्धानंतर ओटो फ्रँकना आलेली चिठ्ठी. तिच्यात म्हटलंय की तुमची जागा ऑयटर्पेस्ट्राटवरच्या ‘युडिशे आउसवांडरुंग’ला (ज्यूंच्या ‘स्थलांतरा’च्या कचेरीला) व्हान डेन बर्गने कळवली आणि त्याने दिलेल्या पत्त्यांची अख्खी यादी तिथे होती.

या एका ओळीला चार तारखा लागल्या. घटना १९४४. चिठ्ठी मुक्तीनंतर लवकरच. ओटो फ्रँकनी टाइप केलेली तिची प्रत. आणि त्या प्रतीचा उल्लेख १९६३-६४ च्या चौकशीत, पोलीस तपासनीस व्हान हेल्डेनच्या अहवालात. मूळ चिठ्ठी उपलब्ध नाही. जी बघता येते ती प्रत. प्रतीचा कागद आणि टंकलेखन तपासून प्रत कोणाची हे ठरतं, मूळ मजकूर खरा की खोटा हे ठरत नाही. ‘कागद अस्सल आहे’ आणि ‘कागदावरचं खरं आहे’ या दोन गोष्टींसाठी आजपासून दोन रकाने.

मजकुरातला पत्ता नकाशावर लावून बघितला. ज्यूंच्या ‘स्थलांतरा’ची कचेरी आडामा व्हान स्खेल्टेमा चौकात होती. ऑयटर्पेस्ट्राटवर सुरक्षा पोलीस. दोन्ही इमारती समोरासमोर, लोक दोन्हींना मिळून ‘ऑयटर्पेस्ट्राट’ म्हणत. म्हणून पत्त्याच्या ढिलाईवरून चिठ्ठी खोटी ठरत नाही. ती आतल्या माणसाची नसून बाहेरच्याची असावी, इतकं फार तर म्हणता येईल. आपण शनिवारी या ढिलाईला भलतंच वजन दिलं होतं. रविवारी कमी केलं.

मग यादी. ज्यू परिषद सप्टेंबर १९४३ च्या शेवटी बरखास्त झाली. लपलेल्यांचे पत्ते ती जमवत होती याचा पुरावा नाही, आणि लपणारा माणूस आपला पत्ता परिषदेला का देईल याचं उत्तरही नाही. डच इतिहासकारांच्या एका गटाने २२ मार्च २०२२ ला सविस्तर खंडन प्रसिद्ध केलं. त्यातला सर्वांत जड मुद्दा: व्हान डेन बर्ग स्वतःच १९४४ च्या सुरुवातीपासून, बहुधा लारेन गावात, लपलेला होता. जो स्वतः लपलेला आहे त्याने सुरक्षा पोलिसांच्या दारात जाऊन सौदा करायचा, तर त्याला आधी स्वतःची जागा उघडी करावी लागेल. डच प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं.

८५ टक्क्यांबद्दल. टक्केवारीला छेद लागतो. इथला छेद म्हणजे चमूने ज्यांच्यावर विचार केला ते संशयित. ज्याचं नाव कधीच कागदावर आलं नाही तो या हिशेबात नाहीच. तक्त्यात असा आकडा भरायला जागाच ठेवली नाही.

शनिवार, २९ मार्च (५ तास)

हेगच्या राष्ट्रीय दप्तरखान्यातला जर्मनांना साथ दिल्याचा संशय असलेल्यांच्या खटल्यांचा संग्रह, सीएबीआर. सुमारे ४,२५,००० नावांची सूची जानेवारी २०२५ पासून ऑनलाइन आहे. दप्तरांची पानंही ऑनलाइन येणार होती, पण खाजगी माहितीच्या कायद्यावरून ते थांबलं. मूळ दप्तर बघायचं तर वेळ ठरवून वाचनकक्षात जावं लागतं. पुण्या-मुंबईतून सूचीवर काम होतं, त्यापुढे नाही. तेवढ्यासाठी तिकीट काढण्याआधी सूचीतले दप्तर क्रमांक टिपून ठेवा आणि नियम त्या आठवड्यात पुन्हा बघा.

सूचीत शोधताना नुसतं आडनाव टाकू नका. एकाच नावाचे दहा-बारा जण निघतात. जन्मतारीख हीच खरी किल्ली. ती ॲमस्टरडॅमच्या नगर दप्तरखान्यातल्या नोंदणी कार्डांवरून मिळते. आणि मुख्य म्हणजे सूचीत नाव असणं म्हणजे चौकशी झाली एवढंच. अनेक प्रकरणं खटल्याविना बंद झाली. आधी ‘सीएबीआरमध्ये आहे’ हा शेरा लाल रंगात होता. आता राखाडी.

शनिवार, ५ एप्रिल (६ तास)

उरलेली गोष्ट: खबर होतीच का? ॲन फ्रँक हाऊसने डिसेंबर २०१६ मध्ये मांडलेला अभ्यास हाच प्रश्न विचारतो. त्याच इमारतीतल्या कंपनीचे दोन फिरते विक्रेते मार्च १९४४ मध्ये बेकायदा शिधापत्रकांच्या कुपनांसाठी पकडले गेले. लपलेल्यांची कुपनं त्यांच्याकडूनच येत. डायरीत त्यांचा उल्लेख ‘ब’ आणि ‘ड’ असा आहे, आणि मार्च १९४४ म्हणजे मूळ वही उपलब्ध आहे, म्हणून शेरा ‘ताजी’. धाड घालणाऱ्यांपैकी एक डच पोलीस शिधा आणि आर्थिक गुन्ह्यांच्या तपासातही होता. धाड दोन तासांहून जास्त चालली. पोलीस कुपनांसाठी किंवा बेकायदा कामगारांसाठी आले आणि माणसं सापडली, ही शक्यता त्यामुळे उघडी राहते.

ही शक्यता सिद्ध आहे असं नाही. झिल्बरबाउअर ज्यूंना पकडणाऱ्या खात्याचा माणूस. कुपनांसाठी त्याला का पाठवतील, हा आक्षेप ओळीखालीच लिहिला आहे. पण यामुळे पहिल्या दिवशी रद्द केलेल्या रकान्याची चूक किती मोठी होती ते दिसलं.

तक्ता दुसऱ्या पत्त्यासाठी वापरायचा असेल तर रिकामी प्रत अशी: घटना-तारीख, कथन-तारीख, अंतर, कोण सांगतो, त्याला कसं कळलं, सांगण्यात त्याचा फायदा, कागद मूळ की प्रत, कागद अस्सल का, मजकूर खरा का, विरुद्ध जाणारी ओळ. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ अपुरी समजायची.

एकूण ६५ तास, त्यातले २२ चुका निस्तरण्यात. १९४४ च्या ऑगस्टमधली डेटमनच्या टेबलावरची ओळ अजून रिकामी आहे आणि ती रिकामीच ठेवून फाइल बंद केली.